ई-रीडरवर मराठी : यंत्र निवडण्यापासून पीडीएफला वठणीवर आणेपर्यंत

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचण्यासाठीच बनवलेलं यंत्र, घ्यावा का, असं विचारणाऱ्या मराठी वाचकाला मी उलट एकच प्रश्न विचारतो : तुम्ही वाचणार काय आहात? इंग्रजी कादंबऱ्या वाचणार असाल तर फार विचार करू नका. यंत्र घ्या, दुकान उघडा, वाचायला लागा. मराठी वाचणार असाल तर मात्र थोडी हातची कामं करावी लागतात. किंडल या अमेझॉनच्या ई-रीडरच्या दुकानातलं मराठी फडताळ आता बऱ्यापैकी भरलंय, तरी त्यात मोठमोठ्या फटी आहेत. हवा तो लेखक असतो पण हवं ते पुस्तक नसतं, किंवा पुस्तक असतं पण मजकूर विस्कटलेला असतो. ई-रीडरची खरी मजा सुरू होते ती आपण बाहेरून शोधून आणलेली पुस्तकं त्यात नीट दिसायला लागल्यावर. हा लेख त्या कामांबद्दल आहे. संगणकातलं फार कळत नसलं तरी अडत नाही. फाइल डाउनलोड करता येते आणि ईमेल पाठवता येतो, एवढं पुरे.

पायरी १ : आधी पडदा समजून घ्या

ई-रीडरचा पडदा फोनसारखा स्वतः प्रकाशत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण. दोघांवर विरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा इशारा मिळाला की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि एकदा वर आले की तिथेच थांबतात. वीज लागते ती पान बदलतानाच. म्हणून या यंत्राची बॅटरी आठवडे चालते, आणि म्हणूनच यंत्र झोपलेलं असतानाही पडद्यावर चित्र दिसत राहतं. (पहिल्यांदा खोका उघडणारे काही लोक ते चित्र म्हणजे वरून चिकटवलेला कागद समजून नखाने काढायला जातात. काढू नका.)

हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालं आणि त्यातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी उभी राहिली. आज यंत्रावर किंडल लिहिलेलं असो, कोबो असो की बूक्स, आतला पडदा बहुधा या कंपनीचाच असतो. त्याचे दोन फायदे लगेच जाणवतात. ऊन जितकं कडक, तितकी अक्षरं स्पष्ट. मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी बसून वाचता येतं, फोनवर तसं जमत नाही. दुसरं, अंधारात लागणारा दिवा पडद्याच्या मागे नसून कडेला असतो आणि त्याचा उजेड पडद्यावर पडतो, डोळ्यांत घुसत नाही.

तोटेही पहिल्याच दिवशी दिसतात. पान उलटताना पडदा मधूनच काळा होऊन लुकलुकतो, कधी मागच्या पानाची पुसट सावली राहते, आणि कळफलक फोनच्या मानाने सुस्त असतो. हा बिघाड नव्हे, या पडद्याचा स्वभावच तो. दोन दिवसांत सवय होते.

पायरी २ : कोणतं यंत्र घ्यायचं

मराठी वाचकासाठी निवड सरळ आहे. किंडलच्या दुकानात डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळतात. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठीचा विभाग तेव्हा उघडला. देवनागरी जोडाक्षरं किंडल नीट दाखवतो. त्यामुळे पहिलं यंत्र म्हणून मी किंडलच सुचवतो. साधा किंडल सहा इंची, वजन १५८ ग्रॅम. झोपून एका हाताने वाचायला यापेक्षा बरं काही नाही. किंडलचाच पेपरव्हाइट थोडा मोठा आणि जड, पण त्यात उजेडाचा रंग पिवळसर करता येतो आणि तो पाण्याला भीत नाही : गोड्या पाण्यात दोन मीटर खोल, तासभर, असं त्याचं प्रमाणपत्र आहे. कोकणात राहत असाल किंवा लोकलच्या दारात उभं राहून वाचत असाल तर पावसाळ्यात याची किंमत कळते.

कोबो हे कॅनडातलं यंत्र. परदेशातल्या मराठी वाचकांकडे ते बरेचदा असतं, कारण तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांची ई-पुस्तकं त्यावर थेट उसनी घेता येतात. तुमच्याकडे ते असेल तर विकून किंडल घ्यायची गरज नाही, फक्त मराठी फाइल टाकून आधी चाचणी घ्या. तिसरा प्रकार अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरचा, ऑनिक्सचा बूक्स त्यातला. यात फोनसारखी अ‍ॅप टाकता येतात. मराठीत याला खास महत्त्व आहे, कारण पुण्याच्या बुकगंगावरची ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात आणि किंडलमध्ये ते अ‍ॅप चालत नाही. तुमची खरेदी मुख्यतः बुकगंगावरून होत असेल तर अँड्रॉइडवालं यंत्र विचारात घ्या. बॅटरी थोडी लवकर उतरेल आणि किंमतही जास्त पडेल.

जुनं यंत्र कुणाकडून घेत असाल तर दोन गोष्टी समोरासमोर बघा. आधीच्या मालकाने ते आपल्या अकाउंटवरून काढलेलं आहे का, आणि एखादं मराठी पुस्तक त्यात नीट उघडतंय का. माझा चाचणीचा मजकूर ठरलेला आहे : वाङ्मय, उद्ध्वस्त, दुसऱ्या, तऱ्हा, शृंगार, ज्ञानेश्वर. हे सहा शब्द पाय न मोडता दिसले तर यंत्र मराठीच्या कामाचं.

साठवणुकीच्या आकड्यांमागे लागू नका. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेतं, तरी एक जाडजूड कादंबरी, चित्रं सोडली तर, दोनेक एमबीत बसते. १६ जीबी भरता भरता आयुष्य जाईल.

पायरी ३ : वाचायला बसण्याआधी मांडणी

यंत्र वायफायला जोडा, अमेझॉनच्या अकाउंटवर नोंदवा. पुस्तकं शोधायची आणि विकत घ्यायची ती फोनवर किंवा संगणकावर, यंत्राच्या कळफलकाशी झटापट करत नव्हे. घेतलेलं पुस्तक वायफाय चालू असताना आपोआप यंत्रावर येतं. घरात लहान मुलं असतील तर यंत्राला पिन लावा, नाहीतर एका बोटाच्या स्पर्शात खरेदी होते.

मग कोणतंही मराठी पुस्तक उघडून पानाच्या वरच्या भागावर बोट टेकवा. तिथे अक्षरांची मांडणी बदलायची सोय आहे आणि इथे जरा वेळ घालवा. वाचनाचं सुख निम्मं इथे ठरतं. कंपनीने ठरवून दिलेली मांडणी रोमन लिपीला शोभणारी असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त हवं. ओळींमधलं अंतर एक टप्पा वाढवा. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी असेल तर ती काढून डावीकडून सरळ ठेवा. मराठीत ‘स्वातंत्र्योत्तरकाळातल्या’सारखे लांबलचक शब्द येतात, ते ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, आणि मग आधीच्या ओळीत शब्दांमध्ये हातभर फटी पडतात.

फॉन्टचंही बघा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. वाचता येतात, पण बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या डोळ्याला दर ओळीत खटकतात. किंडलमध्ये आपला फॉन्ट टाकता येतो आणि ते अगदी सोपं आहे. यंत्र केबलने संगणकाला जोडलं की त्यात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर दिसतो. फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल त्यात टाकायची, केबल काढायची, झालं. गूगल फॉन्ट्सवर ‘तिरो देवनागरी मराठी’ मोफत मिळतो, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. आयआयटी मुंबईतून निघालेला ‘शोभिका’ संस्कृत आणि जुन्या ग्रंथांसाठी सुंदर, कारण त्यात अवघड जोडाक्षरंही नीट येतात. साधं, ठसठशीत वळण हवं तर ‘मुक्ता’. काही पुस्तकांत प्रकाशकाने स्वतःचा फॉन्ट बांधून टाकलेला असतो, तिथे आपल्या निवडीचं काही चालत नाही. तेवढं सोडून द्या.

शेवटी विमानाचं चिन्ह दाबून वायफाय बंद करा आणि पुस्तक मागवायचं असेल तेव्हाच चालू करा. बॅटरी वाचते.

पायरी ४ : विकत घेण्याआधी नमुना

दुकानातल्या बहुतेक पुस्तकांचा सुरुवातीचा भाग फुकट वाचायला मिळतो. इंग्रजी पुस्तकाचा नमुना आपण कथा आवडते का हे बघायला घेतो. मराठी पुस्तकाचा नमुना घ्यायचा तो फाइल कशी बनवलीय हे बघायला. नमुना उघडून अक्षर मोठं करा. अक्षर मोठं होऊन ओळी नव्याने बसल्या तर उत्तम. नुसतं पान जवळ आल्यासारखं वाटलं, म्हणजे आडवं-उभं सरकवत वाचावं लागलं, तर ते छापील पानांचे फोटो आहेत. सहा इंची पडद्यावर ते वाचवत नाही. मग अनुस्वार जागेवर आहेत का, परिच्छेद मध्येच तुटतायत का, अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं की प्रकरण उघडतं का, हे बघून घ्या. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या काही प्रकाशकांनी किंडलवर मोठी यादी आणली आहे. काही जुन्याजाणत्या प्रकाशकांची पुस्तकं शोधूनही सापडत नाहीत.

घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. ई-पुस्तक विकत घेणं म्हणजे वाचायचा परवाना घेणं. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादावरून काही विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांवरून परस्पर काढून घेतली होती आणि मग त्यावर माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून घेतलेल्या पुस्तकाची फाइल संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली. मैत्रिणीला वाचायला द्यायचं, तिने ते तिच्या भावाला द्यायचं आणि दोन वर्षांनी चहाच्या डागासकट परत यायचं, हा प्रकार इथे होत नाही. म्हणून माझा हिशेब असा : एकदा वाचून होणारी पुस्तकं ई-रीडरवर, आयुष्यभर लागणारी कागदावर. काही दोन्हीकडे.

पायरी ५ : फुकट, पण चोरीचं नको

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. मोजणी मृत्यूनंतरच्या वर्षापासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून खुलं आहे. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी हे त्याच्या कितीतरी आधीपासून. हे सगळं शोधायची पहिली जागा म्हणजे मराठी विकिस्रोत. तिथे स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं ओळ न् ओळ युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत, आणून ठेवली आहेत, आणि पुस्तकाच्या पानावरूनच ‘ईपब’ स्वरूपातली फाइल उतरवता येते. ईपब म्हणजे ई-रीडरसाठीच बनलेलं स्वरूप, अक्षर लहानमोठं होणारं. ज्याला अजून पैसे घालायचे नाहीत, त्याने सुरुवात इथूनच करावी.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. कोश, चरित्रं, इतिहासाची साधनं, अनुवाद. दुकानात मागितली तर दुकानदार डोकं खाजवेल अशी पुस्तकं तिथे मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत देतं. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅनचा डोंगर आहे. या तिन्ही ठिकाणचा माल मुख्यतः पीडीएफ, त्यामुळे सातवी पायरी वाचल्याशिवाय तिकडे फार रमू नका.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र घेऊ नका, पुढे पाठवूही नका. मराठी पुस्तकाची हजारभर प्रतींची आवृत्ती खपायला अनेकदा वर्षं जातात. त्यात आपण आणखी खड्डा पाडायचा नाही.

पायरी ६ : बाहेरची फाइल किंडलमध्ये

याला ‘सेंड टू किंडल’ म्हणतात. सर्वांत सोपी वाट संकेतस्थळाची : संगणकावर अमेझॉनचं सेंड टू किंडलचं पान उघडा, लॉग-इन करा, फाइल ओढून टाका. २०० एमबीपर्यंतची फाइल चालते. फोनवर किंडलचं अ‍ॅप असेल तर फाइल ‘शेअर’ करून किंडल निवडलं तरी तेच होतं.

दुसरी वाट ईमेलची आणि एकदा बसली की हीच वापराल. तुमच्या प्रत्येक यंत्राला किंडलचा एक ईमेल पत्ता मिळतो. अमेझॉनच्या अकाउंटमध्ये ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस’, मग ‘प्रेफरन्सेस’, मग ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’ असं गेलं की तो दिसतो. तिथेच खाली मान्यताप्राप्त पत्त्यांची यादी असते. तुमचा नेहमीचा ईमेल पत्ता त्यात घालायला विसरू नका, कारण यादीबाहेरून आलेली फाइल यंत्र घेत नाही. नवख्यांची ‘पाठवलं पण आलं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. दुसरं कारण म्हणजे यंत्राचं वायफाय बंद असणं, आणि ते बंद ठेवायला मीच वर सांगितलंय.

ईपब फाइल २०२२ पासून अशी थेट पाठवता येते. वर्ड आणि साध्या टेक्स्ट फाइलही चालतात. केबलने जोडून ईपब नुसती कॉपी केली तर मात्र किंडल ती उघडत नाही. केबलचीच वाट हवी असेल तर संगणकावर कॅलिबर हा मोफत प्रोग्राम घ्या. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये तो लिहायला सुरुवात केली, आणि आज जगभरचे ई-रीडरवाले त्यावर विसंबून आहेत. ईपब आत टाका, किंडलला कळणाऱ्या एझेडडब्ल्यू३ स्वरूपात बदला, यंत्रावर पाठवा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव देवनागरीत नीट भरायचं कामही त्यातच होतं. ते आळस न करता करा, नाहीतर यादीत पन्नास पुस्तकं ‘अज्ञात लेखक’ म्हणून येतात.

पायरी ७ : पीडीएफ

मराठी ई-वाचनातली सगळी रड इथे आहे. पीडीएफ म्हणजे ठराविक आकाराचं गोठवलेलं पान. ते सहा इंचांत कोंबलं की अक्षर मुंगीएवढं दिसतं. उपाय आहेत, पण आधी आपल्या हातात कोणती पीडीएफ आहे ते ओळखावं लागतं. संगणकावर ती उघडा, एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये डकवा.

शुद्ध मराठी उमटलं तर फाइल युनिकोडमधली आहे. ती सेंड टू किंडलने पाठवा. ईमेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की अमेझॉन ती सुट्या मजकुरात बदलून देतं. पण दोन पानं वाचून बघा. पीडीएफमधून बाहेर काढताना देवनागरीच्या ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडतात, कधी हरवतातच.

मराठीऐवजी रोमन अक्षरं, टिंबं आणि विचित्र चिन्हं आली, तर ती जुन्या फॉन्टमधली आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टच्या काळात जुळवलेली पुस्तकं अशीच असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा ढीग असतो. ही फाइल ‘कन्व्हर्ट’ करून पाठवली की किंडलमध्ये तोच ढीग दिसतो.

ओळ निवडताच आली नाही, तर ते स्कॅन, म्हणजे पानांचे फोटो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला मी दोनच औषधं वापरतो. पहिलं, केटूपीडीएफऑप्ट हा मोफत प्रोग्राम. तो अक्षरं वाचायच्या भानगडीत पडत नाही. पानाच्या चित्रातल्या पांढऱ्या जागा शोधतो, शब्दाशब्दाचे तुकडे कापतो आणि लहान पडद्याच्या मापात पुन्हा ओळीने लावतो. फॉन्ट कोणता, भाषा कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. देवनागरीत तर शिरोरेषेने अख्खा शब्द जोडलेला असतो, त्यामुळे शब्द मधोमध कापला जात नाही. प्रोग्राममध्ये आपलं यंत्र निवडायचं, आधी वीस-पंचवीस पानं करून बघायची, समास आणि अक्षराचा आकार जमला की पूर्ण पुस्तक. शंभर वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पानांचे स्कॅनही अशाने वाचण्याजोगे होतात. पानं वाकडी स्कॅन केलेली असली तर ओळी थोड्या लचकतात.

दुसरं औषध गूगल ड्राइव्हचं. पीडीएफ ड्राइव्हवर चढवा, त्यावर उजवं बटण दाबून ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ करा. गूगल चित्रातला मराठी मजकूर ओळखून अक्षरांत आणून देतं. जुन्या फॉन्टवालं पानही चित्र म्हणून वाचलं जातं, हा यातला फायदा. त्यासाठी आधी पानांचं चित्र करून, जेपीजी म्हणून, चढवलं तर खात्रीचं. मग गूगल डॉक्समधूनच फाइल ईपब म्हणून उतरवता येते आणि ती किंडलला पाठवता येते. मोठी फाइल एकदम देऊ नका, तुकडे करा. पानाचे आकडे आणि प्रत्येक पानावरचं पुस्तकाचं नाव मजकुरात घुसतं, काही जोडाक्षरं चुकतात, ते हाताने निस्तरावं लागतं. चाळीस पानी लेखासाठी ही मेहनत परवडते. चारशे पानी कादंबरीसाठी नाही. तिथे पहिलं औषध.

यातलं काहीच करायचं नसेल तर किंडल आडवा धरा आणि पानाची मांडणी आडवी करा. रुंदी वाढते, अर्धं पान एका वेळी दिसतं, अक्षर कसंबसं वाचण्याएवढं होतं. दिवाळी अंकांच्या पीडीएफचं मात्र आडवा धरूनही भागत नाही. दोन-दोन स्तंभ, चौकटी, रंगीत जाहिराती. तो टॅबवर वाचा किंवा सरळ कागदी विकत घ्या.

पायरी ८ : आता वाचा

एवढं झालं की बाकी सोपं आहे. काही सोयी मुद्दाम वापरून बघाव्यात अशा आहेत.

ओळीवर बोट ठेवून ओढलं की ती अधोरेखित होते, सोबत टिपणही लिहिता येतं. ही सगळी अधोरेखनं यंत्रातल्या ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठतात. केबल जोडा, फाइल उघडा, मराठी मजकूर जसाच्या तसा. परीक्षण लिहिणाऱ्याला, भाषणाची तयारी करणाऱ्याला किंवा एमपीएससीची टिपणं काढणाऱ्याला याचा जो उपयोग होतो तो एरवी वहीत उतरवत बसून होत नाही. शोधाची सोयही तशीच. ‘ती आत्या पहिल्यांदा कुठे आली होती बरं?’ हे तीनशे पानांनंतर पडणारं कोडं चुटकीसरशी सुटतं.

शब्दकोशाचा उपयोग इंग्रजी वाचताना. कठीण शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ तिथेच दिसतो, आणि पाहिलेले शब्द ‘व्होकॅब्युलरी बिल्डर’मध्ये जमा होत जातात. ‘वर्ड वाइज’ चालू केलं तर कठीण शब्दांवर बारीक अक्षरात सोपा अर्थ आपोआप येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजी कादंबरी दहाव्या पानावर सोडून देणाऱ्या वाचकासाठी, माझ्या मते, ई-रीडर घ्यायला एवढं एक कारण पुरेसं आहे. मराठी पुस्तकांत असा आयता कोश मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कविता वाचताना अक्षर लहान करा किंवा यंत्र आडवं धरा. मोठ्या अक्षरात ओवीचा चरण मध्येच मोडून खालच्या ओळीत जातो आणि लय डोळ्यांना सापडत नाही. अभंग आणि गझल यांचंही तेच.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात ‘प्रकरण संपायला इतकी मिनिटं’ असं दिसतं. तिथे बोट टेकवत राहिलं की ते बदलतं आणि शेवटी नाहीसं होतं. मी ते नाहीसंच ठेवतो. कुणी घड्याळ लावून वाचत बसणार असेल तर त्याची खुशी.

पायरी ९ : आई-बाबांच्या हातात देताना

ई-रीडरचा सर्वांत जास्त उपयोग मला साठीच्या पुढच्या वाचकांना होताना दिसतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, जाड ग्रंथ छातीवर तोलून धरावा लागत नाही, आणि मुलांकडे अमेरिकेला सहा महिने राहायला जाताना बॅगेतलं पुस्तकांचं वजन वाचतं. मुलगा किंवा मुलगी पुण्यात असो की न्यू जर्सीत, ईमेलने पुस्तक पाठवलं की ते आई-बाबांच्या यंत्रावर उघडतं.

त्यांचं यंत्र तुमच्याच अकाउंटवर नोंदवा, म्हणजे खरेदी आणि फाइल पाठवणं तुमच्याकडे राहील. मात्र दोघं एकच पुस्तक एकाच वेळी वाचणार असाल तर ‘व्हिस्परसिंक’, म्हणजे सगळ्या यंत्रांवर वाचनाची जागा सारखी ठेवणारी सोय, बंद करा. नाहीतर बाबा दोनशेव्या पानावर पोचले की तुमचं यंत्र तुम्हालाही तिकडे न्यायला बघतं आणि रहस्यकथेत खुनी कोण ते आधीच कळतं. अक्षराचा आकार, ओळींचं अंतर आणि उजेड ठरवून द्या. पान पुढे नेण्यासाठी उजवीकडे आणि मागे नेण्यासाठी डाव्या कडेला बोट टेकवायचं, वर टेकवलं की यादी उघडते, या तीनच गोष्टी शिकवा. पहिल्या आठवड्यात यापेक्षा जास्त सांगू नका.

कव्हर घ्याच. पडद्याच्या आत बारीक काच असते आणि पिशवीत डब्याखाली दाबली गेली तर बाहेरून ओरखडाही न दिसता आत तडकते. मग पडद्यावर रेघा उमटतात आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राजवळ जातो. यंत्र कधी अडकून बसलं, बोटाला दाद देईना, तर बटण चाळीस सेकंद दाबून धरा. ते स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतं, पुस्तकं जागेवर राहतात. हे आई-बाबांच्या यंत्राच्या कव्हरच्या आत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे रात्री साडेदहाला फोन यायचा नाही.